बावीस पाउंड हवा

वस्तूचं नाव माहीत नसलं की दुकानदार गिऱ्हाइकाला माणसात धरत नाही, हे मीटरसाहेबांना शुक्रवारी संध्याकाळी चौथ्या दुकानात कळून चुकलं.

त्यांना हवी होती ती वस्तू तशी साधी. धातूचा एक डबा. त्यात साफसफाईचं द्रव ओतायचं, स्कूटरच्या चाकाला असतो तसल्या व्हॉल्व्हमधून हवा भरायची, आणि वरचा खटका दाबला की बारीक, जोरदार फवारा. संपलं की पुन्हा द्रव, पुन्हा हवा. पण हे सगळं काउंटरसमोर उभं राहून, मागे चार माणसं खोळंबलेली असताना सांगणं सोपं नव्हतं. पहिल्या दुकानात त्यांच्यापुढे झाडांवर पाणी मारायचा प्लास्टिकचा पंप आला. दुसऱ्यात न्हाव्याकडची, केस भिजवायची बाटली आली. तिसऱ्याने रंगाऱ्याची बंदूक काढली आणि भिंत केवढी आहे ते विचारलं. चौथ्याने "हवेचा डबा" एवढंच ऐकलं, चेहरा गंभीर केला आणि घरात आजारी कोण आहे याची हळू आवाजात चौकशी केली.

हे सगळं वहिनींच्या मशीनसाठी चाललं होतं. वहिनी म्हणजे मीटरसाहेबांची बायको. अख्खी इमारत तिला वहिनी म्हणे, तेव्हा आपणही तेच म्हणू. वहिनी घरी शिवणकाम करत. आजवर ब्लाउज, परकर, उशांचे अभ्रे, कुणाच्या पडद्याला अस्तर, असली फुटकळ कामं. पण त्या महिन्यात नर्सिंग शाळेच्या मेट्रनबाईंनी त्यांच्यावर विश्वास टाकून चाळीस पांढरे गणवेश शिवायला दिले होते. रविवारी सकाळी मुलींचा शपथविधी. शनिवारी पाच वाजता मेट्रनबाई स्वतः घ्यायला येणार. आणि गुरुवारी, एकोणतिसावा गणवेश शिवून झाल्यावर, कापडाच्या कडा बांधणारं ते इंटरलॉकचं मशीन कण्हायला लागलं. आत तेल घट्ट होऊन त्यात सुताची भुकटी मुरली होती. मशीन दुरुस्त करणारा माणूस भाचीच्या लग्नाला गेला होता आणि फोन उचलत नव्हता. वहिनींनी नेहमीचा, बाजारात मिळतो तो तयार फवाऱ्याचा डबा आणायला सांगितला. एकदा वापरायचा आणि फेकून द्यायचा.

त्या 'फेकून द्यायचा' या शब्दांपाशी सगळी गडबड झाली. मीटरसाहेब पाणीपुरवठा कचेरीत मीटर तपासणी विभागात होते. सव्वीस वर्षं. एका लांबट खोलीत, ओल्या सिमेंटच्या वासात, टेबलावर ओळीने मांडलेली मीटरं, प्रत्येकातून मोजून पाणी सोडायचं, काटा बरोबर फिरला तर शिक्का मारायचा, नाही तर लाल खडूने फुली. सव्वीस वर्षांत त्यांच्या हातून चांगली वस्तू फेकली गेली नव्हती आणि वाईट वस्तू सुटली नव्हती. फेकायचे डबे आणणं त्यांच्या तत्त्वात बसेना. पुन्हा भरता येणारा एकच डबा आणू, तो जन्मभर पुरेल, असं त्यांनी जाहीर केलं. वहिनींनी एवढंच विचारलं, की जन्मभराचं नंतर बघू, शनिवारपर्यंत येईल का?

आला. पाचव्या दुकानात, जुन्या यंत्रांच्या सुट्या भागांच्या ढिगात, तो सापडला. जाड पत्र्याचा, गुडघ्याएवढा उंच, खांद्यावर व्हॉल्व्ह, शेजारी दाब दाखवणारं गोल घड्याळ, वर पितळी खटका. दुकानदाराने त्यावरची धूळ बाहीने पुसली. मीटरसाहेबांनी डब्याकडे पाहिलं नाही, घड्याळाकडे पाहिलं. काचेला तडा नव्हता, काटा शून्यावर होता, आकडे ठसठशीत होते. माणसाने माणसाच्या डोळ्यांत बघावं तसं त्यांनी त्या तबकडीत बघितलं आणि त्यांची खात्री पटली. खटका चालतो का हे बघायचं त्यांच्या लक्षात आलं नाही.

शनिवारी सकाळी डबा अर्धा रॉकेलने भरून ते कोपऱ्यावरच्या पंक्चरवाल्याकडे गेले. पंक्चरवाला साठीचा, चष्म्याची एक काडी सुतळीने बांधलेली. बोलायचा कमी. त्याच्या टपरीत भिंतीला जुने टायर, पाण्याची पसरट घमेली आणि कोपऱ्यात खोकत चालणारा हवेचा कॉम्प्रेसर. त्याच्या नळीला दाब मोजायचं काही नव्हतं. तो कानाने हवा भरायचा. मीटरसाहेबांना हे आधीपासून खटकत असे, पण आज त्यांच्याजवळ स्वतःचं घड्याळ होतं. ऐंशी पाउंडावर थांबायचं, असं त्यांनी सांगितलं.

हवा जायला लागली. काटा दहावर आला. मग पंधरावर. मग बराच वेळ तिथेच थांबला. पंक्चरवाल्याने नळी काढली आणि म्हणाला, "साहेब, पुरे. डब्याचा आवाज बदलला."

मीटरसाहेबांनी त्याला तबकडी दाखवली. पंधरा आणि ऐंशी यातला फरक त्यांनी समजावून सांगितला. पंक्चरवाल्याने पुन्हा नळी लावली. नळीचं तोंड व्हॉल्व्हवर बसेना, म्हणून जोर लावून दाबावं लागलं. काटा अठरावर आला. पंक्चरवाला थांबला. हा काटा खोटं बोलतोय, असं तो शांतपणे म्हणाला.

आता हे वाक्य दुसऱ्या कुणाला म्हटलं असतं तर चाललं असतं. मीटरसाहेबांनी डबा खाली ठेवला, रुमालाने कपाळ पुसलं आणि त्याला सांगितलं, की ते सव्वीस वर्षं काटे तपासत आहेत, शहरातल्या निम्म्या घरांत त्यांच्या शिक्क्यावर पाणी मोजलं जातं, आणि कानाने हवा मोजणाऱ्याने काट्यावर शंका घ्यावी हे जरा जास्तच होतंय. टपरीत स्कूटर घेऊन उभी असलेली दोन माणसं हसली. पंक्चरवाला हसला नाही. त्याने नळी लावली आणि कॉम्प्रेसर स्वतःहून बंद पडेपर्यंत धरून ठेवली.

"त्याच्याकडे होती तेवढी दिली," तो म्हणाला.

काटा बावीसवर होता. कॉम्प्रेसर दुबळा आहे, असं निदान करून मीटरसाहेब डबा कुशीत घेऊन घरी निघाले. बावीस तर बावीस. एका मशीनला कितीशी हवा लागणार?

घरी त्यांनी डबा मशीनशेजारी टेबलावर ठेवला आणि आधी कागद पसरले, मग चिंध्या, मग मशीनचं झाकण उघडून बाजूला ठेवलं. वहिनी खाली बसून अकरा गणवेशांचे कापलेले तुकडे जोड्या लावून ठेवत होत्या. मीटरसाहेबांनी नेम धरला आणि खटका दाबला. काही झालं नाही. जोराने दाबला. दोन्ही अंगठ्यांनी दाबला. खटका दगडासारखा होता. व्हॉल्व्हमधली हवा थोडी सोडून बघावी म्हणून त्यांनी स्क्रूड्रायव्हरचं टोक आत घातलं, तर मधली पिन वाकून आत रुतलेली. तीही हलेना. ते विचार करत मागे सरकले.

वहिनींनी मान वर केली आणि त्यांचा हात तुकड्यांवर तसाच थांबला.

"अहो, हा मघाशी सरळ उभा होता ना?"

डबा टेबलावर हलकेच डुलत होता. कुणी हात लावला नव्हता. वहिनींची नजर शिवणकामातली. कापड एक सूत तिरकं गेलं तरी त्यांना दिसायचं. त्या जमिनीवर बसल्या होत्या म्हणून त्यांना डब्याचा तळही दिसला. सकाळी थाळीसारखा सपाट होता. आता तो वाटीसारखा फुगला होता.

मीटरसाहेबांनी घड्याळाकडे पाहिलं. काटा बावीसवर, अगदी स्वस्थ. त्यांनी तबकडीवर नखाने टकटक केली. कचेरीत रोज करत तशी, सवयीने. काटा थरथरला आणि सरळ शून्यावर जाऊन पडला.

गॅलरीतलं ऊन टेबलावर येत होतं, आणि डब्यातून मधूनच 'टक्' असा बारीक आवाज येत होता.

वरच्या मजल्यावर पदार्थविज्ञानाचे निवृत्त प्राध्यापक राहत. वहिनींनी त्यांना हाक मारली. प्राध्यापक आले, तीन पावलांवर थांबले आणि तिथूनच वाकून बघू लागले. त्यांनी विजेच्या बिलाच्या मागे आकडेमोड सुरू केली. पत्र्याची जाडी विचारली, ती माहीत नव्हती. कॉम्प्रेसर किती दाबाला बंद पडतो ते विचारलं, तेही माहीत नव्हतं. शेवटी त्यांनी सांगितलं, की उत्तर दोन प्रकारे येतंय. एका प्रकाराने काही धोका नाही. दुसऱ्या प्रकाराबद्दल ते बोलले नाहीत. मग त्यांनी पेन्सिलीचं टोक डब्याच्या खांद्याकडे नेलं.

"इथे सुरक्षेची झडप असते. दाब फार वाढला की आपोआप उघडते."

"मग?" मीटरसाहेबांनी विचारलं.

"तिच्या जागी कुणीतरी बोल्ट बसवलाय."

आत रॉकेल आहे हे कळल्यावर प्राध्यापकांनी पेन्सिल खिशात ठेवली आणि इमारतीतले सगळे गॅस बंद करायला सांगितलं. पाऊण वाजला होता. सोळा घरांत सोळा स्वयंपाक अर्ध्यावर होते. पाच मिनिटांत जिना माणसांनी भरला, आणि प्रत्येकाच्या मनात दोनच गोष्टी होत्या: डबा आणि भूक. सल्ल्यांना तोटा नव्हता. कुणी म्हणालं ओल्या पोत्यात गुंडाळा. कुणी म्हणालं पाण्याच्या टाकीत सोडा. ते ऐकून टाकीचं पाणी पिणारे बाकीचे त्याच्या अंगावर गेले. एका आजींनी डबा फ्रीजमध्ये ठेवा असं सुचवलं. प्राध्यापक म्हणाले, विचार शास्त्रीय आहे, पण कुणाच्या फ्रीजमध्ये?

इमारतीचे चेअरमन पायजम्यावर कोट घालून आले. त्यांची चिंता वेगळी होती. ही वस्तू सोसायटीच्या हद्दीत कुणाच्या परवानगीने आणली, याचा लेखी खुलासा त्यांना हवा होता. 'पुढील परिणामांस मी स्वतः जबाबदार राहीन' असा अर्ज मीटरसाहेबांनी उभ्या उभ्या लिहून दिला. चेअरमननी तो वाचला, 'परिणामांस' मधला अनुस्वार दुरुस्त करून घेतला आणि घडी घालून, अर्ज सुरक्षित राहावा म्हणून, स्वतःसकट समोरच्या इमारतीत नेला.

मीटरसाहेबांनी अग्निशामक दलाला फोन लावला. पलीकडच्या माणसाने आग कुठे आहे विचारलं. आग नव्हती. गॅस गळतोय का विचारलं. गळतही नव्हता; खरी अडचण तीच होती.

"मग डब्यात आहे काय?"

"हवा."

मग त्या माणसाने, आवाज अजिबात न चढवता, हवा सगळीकडेच असते असं सांगितलं आणि सणसणीत आग लागली तर पुन्हा फोन करायला सांगून ठेवून दिला.

आता डबा घरातून बाहेर, मोकळ्यावर, सावलीत न्यायचा हे ठरलं. कोणी न्यायचा हे ठरवावं लागलं नाही. जिन्यातली सगळी माणसं दोन्ही बाजूंना भिंतीला चिकटली आणि मधे एका माणसापुरती वाट झाली. कुणीतरी मीटरसाहेबांच्या डोक्यावर हेल्मेट घातलं. कुणीतरी छातीला गादीची उशी बांधली, साडीच्या काठाने, पाठीमागे गाठ मारून. घसरू नये म्हणून त्यांनी चपला काढल्या. या वेशात आपण कसे दिसत असू हा विचार त्यांच्या मनात आला, आणि त्याही परिस्थितीत त्यांना फार वाईट वाटलं.

त्यांनी डबा उचलला. तो कोमट होता. एखादं जनावर झोपेत असावं तसा.

अठ्ठेचाळीस पायऱ्या. दिवसातून चार वेळा उतरत असूनही त्यांनी त्या आज प्रथम मोजल्या. तिसऱ्या मजल्यावरून दुसऱ्यावर येताना डब्यातलं रॉकेल डुचमळलं आणि 'टक्' झालं. जिन्यातली सगळी डोकी एकदम दारांआड गेली. ते थांबले. श्वास घेतला की उशीमुळे डबा पुढे ढकलला जात होता, म्हणून श्वासही बेताने घ्यावा लागत होता. दुसऱ्या मजल्यावर एका घराचं दार उघडलं. आत राहणारे गृहस्थ रात्रपाळीची झोप काढून उठले होते, त्यांना काही माहीत नव्हतं. हेल्मेटातला माणूस त्यांनी ओळखला आणि त्यांना बरंच वाटलं. मागच्या महिन्यात त्यांचं पाण्याचं बिल दुपटीने आलं होतं. मीटर पळतंय का, हे साहेबांनी सवडीने बघावं, अशी त्यांची विनंती होती. मीटरसाहेब अर्ज कसा करायचा ते हळू आवाजात सांगत पुढच्या पायरीवर उतरले. गृहस्थ सोबत चार पायऱ्या आले, कोणत्या खिडकीवर द्यायचा, सोबत जुनी पावती लागते का, हे विचारत. मग त्यांचं लक्ष डब्याच्या तळाकडे गेलं आणि ते तिथूनच परत फिरले.

मागच्या अंगणात, भिंतीच्या सावलीत, कपडे धुवायच्या दगडाशेजारी मीटरसाहेबांनी डबा ठेवला. तो डुलायला लागला म्हणून दोन विटा लावल्या. हात काढल्यावर त्यांच्या लक्षात आलं, की बोटं सरळ होत नाहीयेत.

पुढे काय, हे कुणालाच माहीत नव्हतं. प्राध्यापक गॅलरीतून म्हणाले, वाट पाहावी; डबा हळूहळू थंड होईल. किती वेळ? संध्याकाळपर्यंत, किंवा उद्यापर्यंत. सोळा घरांतून एक सुस्कारा निघाला. दीड वाजला होता.

मीटरसाहेब हेल्मेट घालूनच फाटकाबाहेर पडले. कोपऱ्यापर्यंतचा रस्ता दोन मिनिटांचा, पण त्यांना तो फार लांब वाटला. टपरीत पंक्चरवाला जेवणाचा डबा उघडून बसला होता. मीटरसाहेब समोर उभे राहिले. काय बोलायचं ते त्यांनी रस्त्यात दोनदा जुळवलं होतं. त्यात डब्याच्या पत्र्याचा दोष होता, दुकानदाराचा होता, उन्हाचा होता. त्यातलं काही तोंडातून आलं नाही. तुम्ही जरा येता का, एवढंच आलं.

पंक्चरवाल्याने छातीवरच्या उशीकडे पाहिलं, हातातला घास खाल्ला, डब्याचं झाकण लावलं आणि पिशवी उचलली.

अंगणात आल्यावर तो डब्याभोवती एकदा फिरला. बोटाच्या मागच्या बाजूने पत्र्यावर वाजवून ऐकलं. वाकून व्हॉल्व्हमध्ये पाहिलं. पिन गेली, तो म्हणाला. आता आतली सगळी नळीच किल्लीने आटे सोडत वर आणायची, पण अर्धा आटाच. पूर्ण सुटली तर बंदुकीच्या गोळीसारखी जाईल. आणि तोवर डबा जागचा हलता कामा नये. दोन माणसं घट्ट धरायला पाहिजेत.

एक तर होतेच. दुसऱ्यासाठी मीटरसाहेबांनी वर पाहिलं. गॅलऱ्यांतून सगळे बघत होते, अगदी आपुलकीने बघत होते, आणि कुणी हलत नव्हतं.

जिन्याच्या दारातून वहिनी बाहेर आल्या. पदर खोचलेला, खांद्यावर मोजायची फीत तशीच. त्या सरळ येऊन डब्यासमोर उकिडव्या बसल्या आणि दोन्ही तळवे पत्र्याला लावले.

"तू वर जा," मीटरसाहेब म्हणाले.

"वर जाऊन काय करू? मशीन बंद आहे."

"अगं, हे फुटलं तर?"

"मग तुम्ही एकटे कशाला?" वहिनी म्हणाल्या. मग पंक्चरवाल्याकडे वळून म्हणाल्या, "दादा, करा सुरू. पाच वाजता माझी माणसं येतात."

मीटरसाहेबांनी हेल्मेट काढून तिच्या डोक्यावर घातलं. तिने ते घालू दिलं. मग छातीवरच्या उशीची गाठ सोडायला गेले तर ती सुटेना, आणि पंक्चरवाल्याने राहू द्या म्हणून खूण केली. दोघं समोरासमोर बसले, गुडघे गुडघ्यांना लागून, चार हात डब्यावर. पंक्चरवाल्याने जुन्या ट्यूबचा जाड रबरी तुकडा व्हॉल्व्हवर धरला आणि त्याखालून किल्ली घातली.

किल्ली फिरेना. त्याने ती काढली, हात पँटला पुसले, पुन्हा घातली. डब्यातून 'टक्' आवाज आला. वहिनींचे डोळे मिटले, पण हात तसेच राहिले. मीटरसाहेब तिच्या हातांकडे बघत होते. तर्जनीवर सुईच्या टोचण्यांची बारीक काळी नक्षी होती. एवढ्या जवळून त्यांनी ती किती वर्षांत पाहिली नव्हती. किल्ली सूतभर फिरली. काही नाही. आणखी सूतभर. रबराखालून एकदम शीळ फुटली, इतकी तीक्ष्ण, की वरच्या गॅलरीत कुणीतरी खाली बसलं. डबा दोघांच्या हातांत थरथरायला लागला.

"सोडू नका," पंक्चरवाला म्हणाला. "ओरडतोय तोवर ठीक आहे."

डबा ओरडत राहिला. मीटरसाहेब मनात सेकंद मोजत होते, दुसरं काही मोजायला नव्हतं. दोनशेच्या पुढे आकडा चुकला. रॉकेलच्या वासाने डोळ्यांतून पाणी येत होतं, किंवा वासामुळे नसेलही. हळूहळू शिळेचा सूर खाली आला, मग ती फुसफुस झाली, मग नुसताच वाफेसारखा श्वास, आणि मग तळातून एक मोठा 'टण्' झाला. वहिनी दचकून मागे बसल्या. पण ते काही नव्हतं. फुगलेला तळ निम्मा आत गेला होता.

गॅलऱ्यांतून टाळ्या वाजल्या. प्राध्यापकांनी वरून जाहीर केलं, की त्यांचा पहिला प्रकारच बरोबर होता. चेअरमन समोरच्या इमारतीतून परत आले आणि असली घड्याळं विकणाऱ्यांवर कारवाई व्हायला हवी, आपल्या मीटरसाहेबांसारख्या जाणकार माणसाचीही फसगत होते, असं म्हणाले. सगळ्यांनी माना डोलावल्या. वाट अगदी सोपी करून दिली होती. तिच्यावरून नुसतं चालत जायचं होतं.

मीटरसाहेब उठून उभे राहिले. गुडघ्यांना चिखल, छातीला उशी.

"फसगत नाही," ते म्हणाले. "यांनी सकाळीच सांगितलं होतं, काटा खोटं बोलतोय. दोनदा थांबवलंही. मीच चार लोकांत त्यांना गप्प केलं."

पंक्चरवाला किल्ली पुसत होता. त्याने ती पिशवीत टाकली आणि विषय संपल्यासारखं विचारलं, की यातलं रॉकेल मारायचं कशावर होतं? वहिनींनी मशीनचं सांगितलं. या डब्यात पुन्हा कधी हवा भरू नका, तो म्हणाला, पण रॉकेल काही बिघडलेलं नाही. दात घासायचा एखादा जुना ब्रश आहे का घरात? आणि पिशवीतून त्याने सायकलचा साधा हातपंप काढला.

सव्वादोनला काम सुरू झालं. वहिनी ब्रश रॉकेलमध्ये बुडवून चाकांच्या दातांतून फिरवत होत्या, आणि त्यांनी बोट दाखवलं की मीटरसाहेब त्या फटीत पंपाची नळी धरून हवा मारत होते. पंक्चरवाल्याने पहिले चार दट्टे मारून दाखवले, पंप त्यांच्याकडे सोपवला आणि टपरीवर गेला; त्याचं जेवण राहिलं होतं. दट्टा वर, दट्टा खाली. आतून राखाडी भुकटी निघत होती, मग गुठळ्या, मग उंदराच्या पिल्लाएवढा सुताचा एक बोळा निघाला आणि कागदावर पडला. मीटरसाहेबांचा शर्ट पाठीला चिकटला होता. जन्मभर पुरेल असा फवारा त्यांनी शोधला होता. तो शेवटी त्यांच्या दंडांतच निघाला. पावणेतीनला मशीन पुसून, तेल देऊन, चिंधीवर चालवून पाहिलं. ते कण्हलं नाही.

अकरा गणवेश, सव्वादोन तास. इमारतीतले कुकर एकामागून एक शिट्ट्या घालू लागले. पहिल्या शिट्टीला दोघंही दचकले, मग एकमेकांकडे बघून कामाला लागले. मीटरसाहेब तुकडे हातात देत होते, निघालेली शिवण घेऊन लोंबते धागे कापत होते, इस्त्री करून घडी घालत होते. साडेचारला, अडतिसावा गणवेश मशीनवर असताना, वहिनींच्या मांडीत पेटका आला. त्या उठून खोलीत फेऱ्या मारायला लागल्या. मीटरसाहेबांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं, मशीनकडे पाहिलं आणि कुणाला न विचारता त्या जागेवर बसले. सावकाश, असं वहिनी मागून म्हणाल्या. कापड ओढू नका, नुसतं दाखवा, ते आपलं आपण जातं. त्यांनी कापड ओढलं नाही. सुरुवातीला ते थोडं वळलं, पण मग आपलं आपण गेलं.

मेट्रनबाई पाचला दहा कमी असतानाच आल्या. उंच, करड्या केसांच्या, पायांत आवाज न करणारे बूट. त्यांनी पाणी घेतलं नाही, बसल्या नाहीत. एकेक गणवेश उलटा करून त्या आतली शिवण बघत आणि दुसऱ्या गठ्ठ्यावर ठेवत. खोलीत फक्त कापडाचा आवाज होता. अडतिसाव्यापाशी त्यांचा हात थांबला. काखेखालची शिवण मधेच जराशी वाट चुकून परत आली होती. त्यांनी दोन्ही अंगठे लावून ती ओढून पाहिली. शिवण पक्की होती.

"ही तुमच्या हातची नाही," त्या म्हणाल्या.

"नाही," वहिनी म्हणाल्या. "हाताखाली एकाला घेतलंय. आजच बसला कामाला."

मेट्रनबाईंनी गणवेश उजेडात धरला, पुन्हा एकदा पाहिला आणि बाकीच्यांवर ठेवला. "हात वाईट नाही. टिकेल?"

दाराजवळ मीटरसाहेब पाठमोरे बसून गठ्ठ्याला सुतळी बांधत होते. त्यांनी मान वळवली नाही, पण सुतळी ओढायची थांबली.

"सांगितलेलं ऐकायला लागलाय," वहिनी म्हणाल्या. "टिकेल बहुतेक."

मीटरसाहेबांनी गाठ मारली. मग, काही चुकायला नको म्हणून, तिच्यावर आणखी एक मारली.